उभ्या सागाचं घनफळ आणि 'टेपर' पॅकेज: तोडीच्या पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

यवतमाळ-चंद्रपूर भागात शेतकऱ्यांच्या बांधावरचा आणि लागवडीतला साग मोजायचं काम करतो. गेला पूर्ण हंगाम आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेतलं 'टेपर' हे मोफत पॅकेज वापरलं. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कसं निमुळतं होत जातं, त्याचा वक्र ते बसवतं आणि त्यावरून घनफळ काढतं. एडगर कुब्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे अजून हॉपसची रीत चालते: मधल्या गोलाईचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. तीन मीटरचा, मध्यावर ८० सेंमी गोलाईचा ओंडका या हिशेबाने ०.१२ घनमीटर भरतो. गोल काप धरून मोजला तर ०.१५३. म्हणजे दर वेळी साडेएकवीस टक्के कमी. चिराईतली घट धरून ही रीत पडली असेल, पण शेतकऱ्याला आपल्या झाडात लाकूड किती आहे ते आधी कळायलाच हवं. आणि झाड उभं असताना मधली गोलाई मोजणार कोण?

या पॅकेजची खरी ताकद वरच्या मापात आहे. छातीच्या उंचीची जाडी आणि झाडाची उंची एवढंच दिलं तर उत्तर सरासरी झाडाचं येतं. त्यात सहा-सात मीटरवरची एक जाडी रिलास्कोपने (खाली उभं राहून वरची जाडी मोजायच्या उपकरणाने) घेऊन घातली, की वक्र त्या झाडाचा होतो. दाट लागवडीतलं सरळसोट खोड आणि बांधावरचं मोकळं वाढलेलं, खालून जाड पण झटकन निमुळतं होणारं खोड, छातीशी दोन्ही सारखीच दिसतात. तोडल्यावर फरक कळतो. ते एक माप हा फरक तोडीआधीच दाखवतं. माझ्या मते यासाठीच हे पॅकेज शिकावं.

आपली १.३७ मीटरची छातीची उंची त्याला चालते, कारण प्रत्येक मापासोबत त्याची उंची द्यायचीच असते. कोणत्या उंचीवर जाडी १५ सेंमीवर येते, हेही ते सांगतं; ओंडके कुठे पाडायचे ते ठरवताना त्याचा फार उपयोग झाला. घनफळासोबत, त्यात किती चूक असू शकते याचा अंदाजही मिळतो. दाट पानोऱ्यात सागाचा शेंडा धड दिसत नाही, तेव्हा उंचीतली संभाव्य चूकही हिशेबात धरता येते.

त्रास बुंध्याशी. सागाचा बुंधा खाचाखोचांचा असतो. टेप खाचांवरून ताणून जातो आणि जाडी फुगते. वक्र लवचीक असल्यामुळे तो हा फुगवटाही इमानेइतबारे उचलतो. वर जाताना जाडी कमीच होत जाईल अशी सक्ती त्यात नाही. मॅक्स-बर्कहार्ट यांचं १९७६चं तीन तुकड्यांचं समीकरण इथे जास्त शांत वागतं आणि साध्या एक्सेलमध्येही बसतं. दुबेळकी, म्हणजे खोडाचे दोन फाटे झालेली झाडं मी वेगळीच काढतो. मापं सालीसकट घेतली तर घनफळही सालीसकटच येतं, हे शेतकऱ्याला आधीच सांगावं लागतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी वक्राच्या सूत्रातले तयार आकडे (गुणांक) शोधत बसू नये. आपल्या भागातली तोडलेली झाडं मोजून वक्र स्वतः बसवावा: बारीक, मध्यम, जाड अशी सगळी घ्यावीत, पहिल्या दोन मीटरमध्ये जवळजवळ मापं घ्यावीत, त्यावर मीटर-मीटरने गेलं तरी चालतं.