कॉन्स्टंट ० छापलेलं नकली प्रिझम

टोटल स्टेशनसाठी (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) जुनं पण ‘ओरिजिनल’ प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) घेणार असाल तर आधी हे वाचा. मला नामांकित कंपनीचं म्हणून एक गोल प्रिझम विकलं गेलं. डबा, होल्डर, पिवळं टार्गेट, सगळं हुबेहूब. होल्डरवर कॉन्स्टंट, म्हणजे मोजलेल्या अंतरात करायची दुरुस्ती, ० छापलेला आणि सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र. प्रिझम नकली होतं आणि तो आकडा खोटा.

लबाडी झाली ती प्रात्यक्षिकात. विक्रेत्याने प्रिझम जवळच उभं केलं आणि पुन्हा पुन्हा रीडिंग घेऊन दाखवलं. दर वेळी मिलिमीटरपर्यंत तोच आकडा. “बघा साहेब, जराही हलत नाही!” पण आकडा न हलणं वेगळं आणि अंतर बरोबर असणं वेगळं. प्रिझमच्या मागच्या तीन बाजू एकमेकींशी काटकोनात असतात, म्हणून किरण आला त्याच दिशेने परत जातो. हे कोन चुकले की परतणारा प्रकाश फाकतो. जवळून ते कळत नाही, लांबच्या अंतरावर सिग्नल पडतो. माझ्याकडे तेच झालं.

कॉन्स्टंटचा घोटाळा याहून वाईट. काचेत प्रकाशाचा वेग मंदावतो, त्यामुळे यंत्राला अंतर जास्त भासतं. काच किती खोल आहे आणि पोलचा (प्रिझम धरणाऱ्या काठीचा) अक्ष तिच्या मागेपुढे कुठे येतो, यावर कॉन्स्टंट ठरतो. ० आणि -३० मिमी हे दोन सर्रास आढळतात. त्यात लायकाचा हिशोब निराळा: त्यांचं यंत्र त्यांच्या नेहमीच्या गोल प्रिझमला ० मानतं, तेच इतरांच्या पद्धतीने -३४.४ होतं. या गोंधळात खोटं लेबल सहज खपून जातं.

माझं प्रत्येक अंतर जवळपास ३ सेंटिमीटर जास्त येत होतं आणि ट्रॅव्हर्स (बिंदूंमागून बिंदू मोजत सुरुवातीला परत येणारी साखळी) मात्र छान बंद होत होता! बाजू साधारण सारख्या लांबीच्या असल्या की ही चूक सगळी आकृती फुगवते, क्लोजिंग एररमध्ये, म्हणजे साखळी बंद होताना उरणाऱ्या तफावतीत, फारशी उमटत नाही. याच मापांवर कुणाची हद्द ठरली असती, या विचाराने आजही संताप येतो. आधीच्या प्रिझमने तेच बिंदू मोजले तेव्हा बिंग फुटलं.

तक्रार केल्यावर विक्रेता म्हणाला, “मग यंत्रात -३० टाका.” पण तेही खरं नव्हतं. सपाट जागी एका रेषेत अ, ब, क असे तीन ट्रायपॉड लावले, यंत्रात कॉन्स्टंट ० ठेवला आणि ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवरची बैठक) न हलवता यंत्र-प्रिझमची अदलाबदल करत अब, बक आणि अक मोजलं. अकमधून इतर दोन्ही अंतरं वजा केली की यंत्र आणि प्रिझम या जोडीचा कॉन्स्टंट मिळतो. माझा उणे २७ मिमीच्या आसपास आला. आधीच्या प्रिझमने हीच चाचणी केली तर त्याचा छापील आकडा बरोबर निघाला, म्हणजे यंत्रात खोट नव्हती. यावर विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं.

पैसे देण्याआधी ही चाचणी तुमच्याच यंत्रावर करून घ्या. शिवाय एक डोळा मिटून प्रिझममध्ये पाहा. चांगल्या प्रिझममध्ये तुमच्या उघड्या डोळ्याची बाहुली मधोमध, अखंड दिसते. कोन ढोबळ चुकलेले असतील तर ती कडांवर तुटलेली दिसते. प्रमाणपत्रावर प्रिझमचा क्रमांक आहे का तेही तपासा. माझ्या प्रमाणपत्रावर तो नव्हता, त्यामुळे तोच कागद कुठल्याही डब्यात घालता येतो.