गुलमर्ग की औली? बर्फाचा अंदाज वाचून ठरवा

पहिल्यांदा स्की शिकायला निघालेल्या मराठी माणसाची यादी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबते: काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधलं औली. मग कुणीतरी सांगतं, "गुलमर्गला बर्फ जास्त असतो," आणि विमानाची तिकिटं निघतात. सांगणारा खोटं सांगत नाही. पण ज्या बर्फाबद्दल तो बोलतो, तो नवशिक्याच्या पायाखाली सहसा येतच नाही.

आधी उंची बघा. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, ३,०५० मीटरच्या आसपास. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सोडतो, तिथे उंची ३,९५० मीटरच्या घरात जाते. परदेशी स्कीअर गुलमर्गला येतात ते या वरच्या उतारांसाठी. औलीचा उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहे. नवशिक्या मात्र गुलमर्गला गेला तरी पहिले काही दिवस मैदानाशेजारच्या सौम्य उतारांवरच असतो. म्हणजे त्याच्यापुरती ही तुलना जवळजवळ सारख्याच उंचीच्या दोन जागांची आहे. आणि या उंचीवर गुलमर्गही दगा देतं. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचं मैदान उघडं पडलं होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये फेब्रुवारीत तिथे होणाऱ्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. औलीची गत याहून नाजूक. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी आधी पुढे ढकलल्या आणि मग रद्दच झाल्या.

फरक पडतो तो नकाशावरच्या जागेमुळे. हिवाळ्यात हिमालयात बर्फ पाडतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी हवेच्या लाटा. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते येतात, आणि वाटेत काश्मीर आधी लागतं. पीर पंजालच्या रांगेवर बरीचशी ओल उतरते. विक्षोभ जोरदार असेल आणि थोडा दक्षिणेकडे झुकून आला, तरच औली ज्या भागात आहे त्या गढवालला चांगला वाटा मिळतो. त्यामुळे काश्मीरमध्ये सलग बर्फ पडूनही औली कोरडं राहिल्याचं दिसतं. उलट सहसा होत नाही. हाच विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचे गार वारे आपल्याकडे येतात आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते. ती बातमी वाचून बर्फासाठी तिकीट काढू नका, तोवर वरचा पाऊस-बर्फ बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो.

आता अंदाज वाचण्याबद्दल, कारण खरी गफलत इथे होते. मोबाइलवरच्या साध्या हवामान ॲपमध्ये 'गुलमर्ग' टाकलं की एकच आकडा येतो. तो कुठल्या उंचीचा, हे कळत नाही. स्नो-फोरकास्टसारखी संकेतस्थळं पायथा, मधला भाग आणि माथा असे तीन वेगळे अंदाज देतात. तुम्ही शिकाऊ असाल तर पायथ्याची ओळ वाचा. समजा माथ्याला उणे ९ अंश आणि ४० सेंटिमीटर बर्फ दाखवलाय, आणि पायथ्याला अधिक १ अंश. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. वर भुसभुशीत पावडर आणि खाली ओला, जड बर्फ, कधी चक्क पाऊस. ओला बर्फ स्कीच्या तळाला धरतो, वळण घेताना पाय पुढे सरकत नाही, आणि नवशिक्याला वाटतं चूक आपलीच आहे.

म्हणून बर्फाच्या सेंटिमीटरआधी 'शून्य अंशाची पातळी', म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, किती मीटरवर दाखवली आहे ते बघायची सवय लावा. बर्फ साधारणपणे त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकून पडतो. पातळी २,५०० च्या खाली असेल तर दोन्ही ठिकाणी काम झालं. ती ३,००० च्या वर गेली तर औलीच्या खालच्या निम्म्या उताराची आशा सोडा. गुलमर्गच्या मैदानाचीही सोडा, पण तिथे कोंगडोरी उरतं. हा गुलमर्गचा खरा फायदा आहे: खाली बिघडलं तर वर सरकता येतं. जेमतेम वळणं जमायला लागलेल्या माणसालाही दोन-तीन दिवसांनी कोंगडोरीची चेअरलिफ्ट उपयोगी पडते. औलीला वर सरकायला जागाच नाही. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती. पण अशा यंत्रांना शून्याखालचं तापमान आणि कोरडी हवा लागते, आणि बर्फ विरतो नेमका उबदार हिवाळ्यात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

किती दिवस आधीचा अंदाज धरायचा? तीन दिवसांचा बऱ्यापैकी, पाच-सहा दिवसांचा फक्त 'काहीतरी येतंय' इतपत, आणि दहा दिवसांनंतरचे सेंटिमीटर वाचूच नका. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर अंदाज काढणारी युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही संगणकी मॉडेल्स बघता येतात. दोन्ही सलग दोन दिवस एकच विक्षोभ दाखवत असतील तर विश्वास ठेवा. एकाने दाखवलं आणि दुसऱ्याने नाही, तर थांबा.

हे गणित प्रवासाशी जोडलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. मुंबईहून श्रीनगरला विमान, तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. तीन दिवसांच्या अंदाजावर निघणं तिथे शक्य आहे, विमानभाडं झोंबतं इतकंच. ताजा बर्फ पडला की वाटेतल्या तंगमर्ग गावाच्या पुढे चाकांना चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. औलीला हरिद्वार किंवा डेहराडूनहून जोशीमठपर्यंत रस्त्याने अख्खा दिवस जातो. जोशीमठहून वर नेणारा रोपवे २०२३ मध्ये तिथली जमीन खचल्यापासून बंद पडला, त्यामुळे पुढचाही प्रवास गाडीने धरून चला. म्हणजे जिथे बर्फ कमी भरवशाचा, तिथेच पोहोचायला वेळ जास्त. काश्मीरबद्दल सुरक्षेचा विचार मनात येणारच. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातले पर्यटकही मारले गेले. निघण्याआधी सरकारी सूचना वाचा आणि घरच्यांशी बोलून ठरवा.

मग औली कुणासाठी? माझ्या मते, शिस्तीत शिकायचं असेल त्याच्यासाठी, आणि हे मी मनापासून सांगतो. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. उतार एकसंध, उत्तरेकडे तोंड असलेला, गर्दी गुलमर्गच्या मानाने कमी. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. उत्तरेकडच्या उतारामुळे एकदा चांगला बर्फ पडला की तो ऊन खाऊन लवकर संपत नाही. सकाळी तो कडक असतो, स्कीच्या कडा रुतायला वेळ लागतो. अकराच्या सुमारास वरचा थर मऊ होतो आणि शिकायला तो दीड-दोन तासांचा काळ सोन्यासारखा. गुलमर्गलाही भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे सरकारी कोर्स आहेत. पण खासगी प्रशिक्षक घेणार असाल तर आसपासच्या स्लेजवाल्यांच्या आणि हौशी पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत शिकावं लागतं.

गुलमर्गच्या गोंडोलाच्या वरच्या टप्प्याचं स्वप्न बघणाऱ्यांनी अंदाजातला वारा वाचावा. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो, कधी एकापाठोपाठ एक दिवस. आणि मोठा बर्फ पडल्यानंतरचं पहिलं निरभ्र आकाश, ज्याची सगळे वाट बघतात, तोच हिमस्खलनाचा काळ. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार देते, त्यात गुलमर्गसाठी बारामुल्ला जिल्हा बघायचा. आखलेल्या उताराबाहेर गाइडशिवाय आणि बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला मदत करणारं यंत्र) व फावड्याशिवाय जाऊ नका, कितीही सराव असला तरी.

हिमाचलचं सोलांग या तुलनेत मी धरलं नाही. तिथे बर्फात खेळणं चांगलं होतं, पण आठवडाभर सलग स्की शिकायला जागा अपुरी आहे.

रजा आधीच ठरलेली असेल आणि ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्य असेल, तर गुलमर्ग घ्या. थोडंफार स्की येत असेल तरीही गुलमर्गच. दोन आठवडे मोकळे असतील, तारखा हलवता येत असतील आणि खिसा जपायचा असेल, तर औलीचा कोर्स. फक्त पैसे भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: उतारावर पुरेसा बर्फ नसेल तर तारीख बदलून मिळते का, की पैसे परत मिळतात? उत्तर गोलमोल आलं तर आगाऊ पैसे भरू नका. फेब्रुवारीत पायथ्याच्या ओळीत दोन्ही मॉडेल्स बर्फ दाखवेपर्यंत थांबा आणि त्या वेळी जी जागा शिल्लक असेल ती घ्या.