विमा लोकपाल की ग्राहक आयोग : नाकारलेल्या क्लेमसाठी आधी कुठे जावे?

विम्याचा क्लेम नाकारल्याचे पत्र आले आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानेही तेच उत्तर जरा मऊ शब्दांत परत पाठवले, की पॉलिसीधारकासमोर प्रामुख्याने दोन मार्ग उरतात : विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी न्यायालयाबाहेर निकाली काढणारा अधिकारी) आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. माझ्या आरोग्य विम्याच्या क्लेमसाठी मी लोकपालांकडे अर्ज केला होता. मेहुण्यांचे मोटारीच्या क्लेमचे प्रकरण आयोगात चालले आणि त्याच्या बऱ्याच तारखांना मी त्यांच्यासोबत हजर होतो. तेव्हा पुढील मत कायद्याच्या जाणकाराचे नसून दोन्हीकडचे कामकाज जवळून पाहिलेल्या एका पॉलिसीधारकाचे आहे, असे समजून वाचावे.

खर्चाचा मुद्दा आधी बाजूला ठेवतो, कारण तो वाटतो तितका निर्णायक नाही. लोकपालांकडे शुल्क नाही. आयोगातही शुल्क भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या बाबतीत हप्त्यावर, ठरते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला ते शून्य आहे. मर्यादेच्या आकड्याने मात्र अनेकांची गल्लत होते. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात (२०२३ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा ३० लाख होती), आणि जिल्हा आयोगाची मर्यादाही ५० लाखच आहे; पण ती क्लेमच्या रकमेची नव्हे, तर भरलेल्या हप्त्याची. म्हणूनच एक कोटीच्या मुदत विम्याचा क्लेम लोकपालांच्या कक्षेबाहेर जात असला, तरी तो जिल्हा आयोगात सहज दाखल करता येतो. अशा रकमेचा वाद असेल, तर निवड आपोआपच झाली.

उरलेल्या प्रकरणांत माझा कल ज्या एका गोष्टीने ठरवला, ती म्हणजे आयोगातील तारखा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सामनेवाल्यास (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यास, इथे विमा कंपनीस) नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत तक्रार निकाली निघावी, अशी अपेक्षा आहे. लेखी कैफियतीसाठी, म्हणजे कंपनीच्या लेखी उत्तरासाठी, ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस, ही मुदत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सक्तीची ठरवली आहे, आणि तेवढी ती पाळलीही जाते. अडते ते त्यानंतर. पुराव्याच्या शपथपत्रासाठी एक तारीख, सामनेवाल्यांच्या शपथपत्रासाठी दुसरी, लेखी युक्तिवादासाठी तिसरी; मध्येच कंपनीचा वकील बदलतो आणि नव्या वकिलांना वकीलपत्र दाखल करण्यास मुदत हवी असते; तोंडी युक्तिवादाचा दिवस ठरला, तर त्या दिवशी सदस्य रजेवर असल्याने कोरम (आवश्यक सदस्यसंख्या) पूर्ण होत नाही. मेहुणे अर्ध्या दिवसाची रजा टाकून, फाईल काखेत घेऊन बोर्डावर आपला क्रमांक शोधत, आणि दुपारी शिरस्तेदार पुढची तारीख सांगून मोकळे होत. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणणार नाही, कामाचा बोजाच तसा आहे. पण ज्याचे रुग्णालयाचे बिल आधीच खिशातून गेले आहे, त्याला हे झेपेलच असे नाही. आता तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि काही ठिकाणी सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे हेलपाटे कमी होत असतील. तारखांची संख्या त्यामुळे घटते, असे मला तरी दिसले नाही.

लोकपालांकडील कामाचा बाजच निराळा आहे. तिथे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, आणि माझ्या मते ही त्या व्यवस्थेची सर्वांत मोठी सोय आहे. माझ्या प्रकरणात नकाराचे कारण एका ओळीवर उभे होते : डिस्चार्ज समरीत निवासी डॉक्टरांनी ‘रक्तदाब, पाच वर्षांपासून’ असे लिहिले होते आणि प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात) तो आजार नमूद नव्हता. प्रत्यक्षात निदान पॉलिसी घेतल्यानंतरचे होते. सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नकाराचे पत्र वाचून दाखवले. त्यावर लोकपालांनी त्यांना एवढेच विचारले की, या नोंदीला दुजोरा देणारे पॉलिसीपूर्वीचे एखादे प्रिस्क्रिप्शन किंवा तपासणी अहवाल आहे का. तसा कागद त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्टीकरणाचे पत्र आणि पहिल्या निदानाचा केस पेपर होता. हाच प्रश्न आयोगातही विचारला गेला असता, याबद्दल शंका नाही. फक्त तिथपर्यंत पोहोचायला किती तारखा गेल्या असत्या, हे सांगणे कठीण आहे.

निवाड्यानंतरचा भागही लोकपालांच्या पारड्यात जातो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत अंमलबजावणी न केल्यास कंपनीने तक्रारदाराला दररोज ५,००० रुपये दंड देण्याची तरतूद विमा नियामकाने २०२४ मध्ये केली आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग कंपनीला उरतो, पण नेहमीच्या क्लेमसाठी ती सहसा तिथवर जात नसावी. आयोगाच्या आदेशाविरुद्ध मात्र ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते. त्यासाठी कंपनीला निम्मी रक्कम जमा करावी लागते खरी, पण तक्रारदाराचे थांबणे पुन्हा सुरू होते.

आयोगाची बाजू कुठे वरचढ आहे, तेही सांगायला हवे. मानसिक त्रासाबद्दल वेगळी भरपाई आणि तक्रारीचा खर्च हवा असेल, तर तो आयोगच देईल. ‘तक्रार अंशतः मंजूर’ अशा शब्दांच्या आदेशातही या दोन रकमा बहुधा असतात. कंपनीने थेट फसवणुकीचा आरोप केला असेल किंवा सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्याचा) अहवाल खोडून काढायचा असेल, तर लोकपालांची संक्षिप्त सुनावणी तोकडी पडू शकते. मेहुण्यांच्या प्रकरणात सर्व्हेअरचाच अहवाल वादाचा होता, त्यामुळे त्यांची निवड मी चुकीची म्हणणार नाही.

क्रम ठरवताना एक बाब ध्यानात घ्यावी. लोकपालांचा निवाडा न पटल्यास तक्रारदाराला आयोगाचे दार उघडे राहते. उलट, आयोगात तक्रार दाखल असताना त्याच विषयावर लोकपालांकडे जाता येत नाही. लोकपालांकडे कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते, तर आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे. ही दोन वर्षे लोकपालांच्या निवाड्यापासून न धरता नकाराच्या पहिल्या पत्रापासूनच मोजावीत, म्हणजे पुढे विलंबमाफीचा अर्ज करण्याची वेळ येत नाही.

मार्ग कोणताही निवडला, तरी कंपनीचे ते पत्र जपून ठेवावे आणि त्यात पॉलिसीतील नेमके कोणते कलम दाखवले आहे, हे आधी पाहावे. पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटले आहे. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, हा नियमही अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहावा. लोकपालांच्या अर्जासोबत त्यांनी मध्यस्थ म्हणून काम पाहावे, अशा संमतीचा नमुना भरून द्यावा लागतो. तो राहिला, तर अर्ज पूर्ण धरला जात नाही, आणि निवाड्याची तीन महिन्यांची मुदत सर्व कागद पोहोचल्यानंतरच सुरू होते.