एफईला वायडी लागला: त्याच कॉलेजात थांबायचं, परत सीईटी द्यायची, डिप्लोमा करायचा की सरळ बीएस्सी?

दरवर्षी एफईचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे, निकाल लागले की ओळखीतल्या कोणाच्या तरी भावाचा नाहीतर बहिणीचा मेसेज येतो, ताई वायडी लागला, आता काय करू. वायडी म्हणजे इयर डाउन, इतके विषय राहतात की सेकंड इयरला जाताच येत नाही. मला स्वतःला २०१७ मध्ये वायडी लागला होता, पुण्यात, ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), म्हणून सगळे माझ्याकडे पाठवतात. फोनवर तेच तेच सांगते, पण रडत असलेल्या माणसाच्या डोक्यात फोनवरचं काही राहत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. हे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगपुरतं आहे, त्यातही पुणे विद्यापीठाचं मला जास्त माहितीय, मुंबईकडे बॅकलॉगला (राहिलेल्या विषयाला) केटी म्हणतात आणि वायडीला ड्रॉप म्हणतात, नियमांचे आकडे वेगळे असतात, पण समोरचे रस्ते तेच.

आधी वायडी खरंच लागलाय का ते बघा. गंमत वाटेल पण घाबरून लोक क्रेडिट, म्हणजे विषय पास झाला की मिळणारे पॉइंट, मोजतच नाहीत. पुण्याच्या २०१९ पॅटर्नला (म्हणजे त्या वर्षी आलेल्या अभ्यासक्रमाला) फर्स्ट इयरचे ४४ क्रेडिट होते आणि सेकंड इयरला जायला त्यातले निदान २२ लागायचे, म्हणजे चार-पाच विषय राहूनही एटीकेटीवर, म्हणजे ते विषय सोबत घेऊनच, पुढे गेलेली मुलं भरपूर आहेत (थर्ड इयरला जाताना मात्र फर्स्ट इयर पूर्ण क्लिअर लागतं). २०२४-२५ पासून एफईला नवीन पॅटर्न आलाय, तर तुमच्या पॅटर्नचा नियम स्टुडंट सेक्शनला जाऊन विचारा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो. आणि एक-दोन क्रेडिटनी अडकला असाल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा आणि मग रिव्हॅल्युएशन, फॉर्मची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ते दिवस घरी कसं सांगू या विचारात निघून जातात.

फोटोकॉपी मी मार्क वाढवायला मागवली होती. मार्क वाढले नाहीत, पण त्या कागदांनी मला जे सांगितलं ते वर्षभरात कोणी सांगितलं नव्हतं. एम१च्या, म्हणजे मॅथ्सच्या पहिल्या, पेपरात पहिले दोन प्रश्न बऱ्यापैकी बरोबर होते, पार्शल डिफरन्शिएशनच्या तीन पायऱ्या नीट, चौथीला चिन्ह चुकलेलं, आणि त्यानंतर पानंच्या पानं कोरी. म्हणजे मला येत नव्हतं असं नाही, माझा वेळच पुरला नव्हता, कारण मी घड्याळ लावून एकदाही पेपर सोडवला नव्हता, नुसती सोडवलेली गणितं वाचत होते. ग्राफिक्समध्ये (इंजिनिअरिंग ड्रॉइंग) उलटं. तिथे शीट पूर्ण होती पण डावीकडून दिसणारा व्ह्यू मी डावीकडेच काढला होता, फर्स्ट अँगल पद्धतीत तो फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे येतो, म्हणजे मूळच कळलं नव्हतं. एकाच मार्कशीटवरचे दोन एफ (नापास), दोन्हीची कारणं पूर्ण वेगळी.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रस्ता निवडायच्या आधी नापास झालेले विषय कुठले आणि ते पुढे परत भेटणार आहेत का हे बघा. ग्राफिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स हे कॉम्प्युटर किंवा ईएनटीसीवाल्याला एकदा काढले की संपले, त्यांच्यासाठी इंजिनिअरिंग सोडणं मला तरी पटत नाही. पण मॅथ्स सुटत नाही, एम१, एम२ नंतर बहुतेक ब्रँचला एम३ आहे आणि पुढे सिग्नल, कंट्रोल सगळ्यात तेच डोकं वर काढतं. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्याला मेकॅनिक्स जात नसेल तर तोही असाच प्रश्न, कारण पुढचे निम्मे विषय त्याच्यावरच उभे आहेत. आणि कॉम्प्युटरला असून प्रोग्रामिंगचं लॅब नकोसं होत असेल, पास झाला असाल तरीही, तर ते एफपेक्षा मोठं लक्षण आहे.

आता वर्षांचा हिशोब, कारण सगळे त्यालाच घाबरतात. समजा २०२४ ला अॅडमिशन घेतली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात वायडी लागला. नीट चाललं असतं तर डिग्री २०२८ ला. त्याच कॉलेजात थांबलात तर २०२९. परत सीईटी देऊन पहिल्यापासून सुरू केलंत तर बहुतेकांची २०३०, कारण सीईटीचे फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला निघतात आणि परीक्षा एप्रिल-मेच्या आसपास, एफईच्या दुसऱ्या सेमचा निकाल हातात येईपर्यंत ती होऊन गेलेली असते, आणि आदल्या वर्षीचा स्कोअर चालत नाही. आधीच शंका येऊन एफई चालू असतानाच सीईटी दिली असेल तरच २०२९ जमतं. डिप्लोमाच्या रस्त्याने २०३०. बीएस्सी २०२५ लाच पकडली तर २०२८ ला हातात पदवी, म्हणजे बरोबरच्या मित्रांइतक्याच वेळात, फक्त पदवी वेगळी. हे आकडे मी पालकांसमोर कागदावर काढून दाखवते तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल होतो, कारण डोक्यात तोपर्यंत आयुष्य गेलं असंच असतं आणि कागदावर एक-दोन वर्षं दिसतात.

त्याच कॉलेजात थांबणं हा कागदावर सगळ्यात सोपा रस्ता आणि प्रत्यक्षात सगळ्यात एकटा. फी बहुतेक ठिकाणी पूर्ण वर्षाची लागत नाही, परीक्षेचा फॉर्म भरायचा, हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन संधी मिळतात, पास झालेले विषय पासच राहतात. पण लेक्चर नसतं, बरीच कॉलेजं वायडीवाल्यांना हॉस्टेल देत नाहीत, मित्र सेकंड इयरला गेलेले असतात आणि सकाळी उठायला काही कारण उरत नाही. मी पहिले दोन महिने नुसते घालवले, विषय तर पाचच आहेत, नोव्हेंबरला वेळ आहे असं करत करत. नंतर अभ्यासिका लावली, सकाळी आठ ते दुपारी दोन, आणि ज्या सरांच्या विषयात नापास झाले होते त्यांनाच जाऊन विचारलं की ज्युनियरच्या बॅचला मागे बसू का, ते म्हणाले बस. त्या मागच्या बाकावर बसणं सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडलं. हिवाळीला तीन निघाले, उन्हाळीला उरलेले दोन. पुढे एम३ला त्रास झाला नाही, कारण तोपर्यंत घड्याळ लावून सोडवायची सवय लागली होती. तर विषय पुढे परत न भेटणारे असतील, किंवा भेटणारे असूनही कारण सरावाचं, आजारपणाचं, घरच्या अडचणीचं असेल, तर मी थांबा म्हणेन. फक्त दिवसाला आकार कोण देणार हे आधी ठरवा. पार्टटाइम काम केलंत तरी चालेल, दिवसाचे चार तास, त्यापेक्षा जास्त नको, पूर्णवेळ नोकरी धरलेले परत परीक्षेला बसलेच नाहीत अशी दोन उदाहरणं माझ्या डोळ्यासमोर आहेत. आणि पॅटर्न बदलत असेल तर समकक्ष विषय कुठले लागतील ते लेखी विचारून घ्या, कारण सेकंड इयरला तुम्ही ज्युनियर बॅचच्या पॅटर्नमध्ये जाता.

परत सीईटी देणं हे ऐकायला फार छान वाटतं, नवीन कॉलेज, कोणाला माहीत नाही, पाटी कोरी. पण फर्स्ट इयरचे विषय सगळीकडे जवळजवळ तेच आहेत हे लोक विसरतात. आमच्यातला एक जण कॉलेजच वाईट म्हणून सोडून गेला, परत सीईटी दिली, दुसरं कॉलेज मिळालं, आणि तिथे परत एम१लाच अडकला. कॉलेज बदलल्याने एम१ बदलत नाही. हा रस्ता मी फक्त तेव्हाच सुचवते जेव्हा ब्रँचच चुकीची आहे, घरच्यांनी सांगितली म्हणून घेतलेली आहे, आणि मुलाला बारावीचं फिजिक्स-मॅथ्स अजून येतंय. सीईटीत २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे मॅथ्समध्येच नापास झालेल्याने हा रस्ता घेताना दोनदा विचार करावा. शिवाय जुनी अॅडमिशन रद्द करणं, टीसी सोडवणं, नवीन फी, आणि स्कॉलरशिप असेल तर ती परत मिळेल हे गृहीत धरू नका, आधी महाडीबीटीचं (स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल) काम बघणाऱ्या क्लार्कला भेटा.

डिप्लोमाचा रस्ता फार कमी जणांना माहीत असतो आणि मला तो त्याच्या प्रतिष्ठेपेक्षा बराच चांगला वाटतो. बारावी सायन्स झालेल्याला पॉलिटेक्निकच्या डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश मिळतो, दोन वर्षांत डिप्लोमा, आणि तिथून परत इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला. एफई करावंच लागत नाही. आमच्या बॅचचा एक मित्र मेकॅनिकल सोडून असा गेला, लोकांनी नावं ठेवली, बारावीनंतर परत डिप्लोमा काय म्हणून, पण त्याला हातात वस्तू घेतल्याशिवाय काही कळत नाही असा तो मुलगा, वर्कशॉपमध्ये रमला, आणि डिप्लोमाला चांगले मार्क पडले म्हणून आधी सोडलेल्या कॉलेजपेक्षा चांगलं कॉलेज मिळालं. मधेच थांबावं लागलं तरी हातात डिप्लोमा असतो, ज्युनियर इंजिनिअरच्या भरतीला तो चालतो, हे एफई नापासच्या मार्कशीटने होत नाही. अडचण एकच, तिथून आलेल्यांना एम३ एकदम समोर येतं आणि एम१-एम२चा पाया नसतो, तो सुट्टीत स्वतः करून घ्यावा लागतो. प्रवेशाच्या तारखा डीटीईच्या (तंत्रशिक्षण संचालनालय) साइटवर असतात, उशीर केला तर राउंड निघून जातात.

बीएस्सी, बीसीए, बीकॉम. इथे माझं मत जरा ठाम आहे. हरलो म्हणून बीएस्सी घेऊ नका, आवडतं म्हणून घ्या, नाहीतर तीन वर्षं तिथेही तोंड पाडून बसाल. माझी रूममेट कॉम्प्युटर सोडून बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला गेली. तिला मॅथ्स येत होतं, तिला नको होतं ते ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स आणि रात्री दोनपर्यंत सबमिशन लिहिणं. ती तिथे खुलली. बीएस्सीला बहुतेक कॉलेजात सीईटी नसते म्हणून त्याच वर्षी जागा मिळू शकते, बीसीएला मात्र २०२४ पासून राज्याची सीईटी लागते, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि ते जुलैमध्ये थेट कॉलेजात जाऊन उभे राहतात. पुढे आयटीत जायचं असेल तर एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स) आता दोन वर्षांचं आहे, म्हणजे बीएस्सी अधिक एमसीए पाच वर्षं, एफईचं गेलेलं वर्ष धरून सहा, आणि वायडी धरून इंजिनिअरिंग पाच वर्षं. बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं हेही खरं, पण त्या जागा डिप्लोमावाल्यांकडून उरल्या तर, आणि ज्या विषयांना कंटाळून बाहेर पडलात ते ग्राफिक्स-मेकॅनिक्ससारखे विषय तिथेही भरून काढावे लागतात, तर तेवढ्या आशेवर बीएस्सी घेऊ नका.

घरची परिस्थिती अशी असेल की आता कमावणं भागच आहे, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. नोकरी करून पदवी होते, स्पर्धा परीक्षांना चालते. यूजीसीने २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकावेळी करायला परवानगी दिलीय, म्हणून वायडीच्या वर्षात बीए पण लावू का असं हल्ली मुलं विचारतात. लावू नका, पाच बॅकलॉग पुरेसे आहेत.

प्लेसमेंटचं सगळेच विचारतात. कंपन्या मुख्यतः चालू बॅकलॉग नको म्हणतात, एका वर्षाचा गॅप बऱ्याच ठिकाणी चालतो, दोनच्या वर गेला की दारं कमी होतात. मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं, मी खरं सांगितलं, फोटोकॉपीची गोष्ट सांगितली, पुढचा प्रश्न सी प्रोग्रामिंगचा होता. एज्युकेशन लोन असेल तर बँकेला निकालानंतर लगेच लेखी कळवा, कोर्स लांबला की हप्ता सुरू व्हायची तारीख पुढे सरकवायला अर्ज लागतो.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको नको ते विचार येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कोर्सचा निर्णय आठ दिवसांनी घेतला तरी चालतो.

घरी सांगायला मला तीन दिवस लागले. शेवटी बाबांसमोर मार्कशीट ठेवली आणि शेजारी वहीचं एक पान, कुठला विषय कुठल्या परीक्षेला काढणार, राहणार कुठे, खर्च किती. बाबांनी मार्कशीट उचललीच नाही, पानच वाचत बसले, आणि मग म्हणाले, यात खर्चाच्या रकान्यात मेसचे पैसे धरलेले नाहीत.