असेसमेंट एका दिवसात उरकायचं की दोन सकाळींत?

मुलाला शिकताना नेमकं काय जड जातं ते सायकॉलॉजिस्टकडून चाचण्या घेऊन तपासायचं, म्हणजे असेसमेंट. त्याची वेळ घ्यायला फोन केला की बऱ्याच ठिकाणी विचारतात, 'सगळं एकाच दिवशी करून टाकायचं, की दोनदा याल?' प्रश्न इतका सहज येतो की आपण आपली रजा, मुलाची बुडणारी शाळा आणि येण्याजाण्याची दगदग एवढंच बघून उत्तर देऊन मोकळे होतो. आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले. थोरलीचं सगळं एका दिवसात उरकलं, धाकट्याचं दोन सकाळींत विभागून घेतलं. दोघांची वयं वेगळी, स्वभाव वेगळे, सायकॉलॉजिस्टही वेगळ्या. त्यामुळे हा अनुभव मोजून-मापून केलेल्या तुलनेच्या जागी धरू नका. पण ज्यांना येत्या काही दिवसांत हे ठरवायचं आहे, त्यांच्या कामी येईल असं वाटतं.

असेसमेंट कशासाठी असतं, रिपोर्टचा उपयोग काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. फक्त त्या टेबलाशी मूल काय काय करतं ते डोळ्यांसमोर असू द्या. एक भाग बुद्धिमत्ता चाचणीचा. ती बहुधा वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी असते; तिची पाचवी आवृत्ती २०१४ सालची, ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. तिच्यातले दहा मुख्य छोटे भाग, म्हणजे उपचाचण्या, करायच्या तर त्यातच तासाभराहून जास्त वेळ जातो. दुसरा भाग वाचन, लेखन, शुद्धलेखन, गणित यांचा. गरजेप्रमाणे लक्ष, स्मरणशक्ती, भाषा यांच्या चाचण्या त्यात वाढतात. आई-वडिलांची मुलाखत आणि शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या वेगळ्या. सगळं एकत्र केलं तर मधल्या सुट्ट्या धरून अर्ध्या दिवसाच्या वर जातं.

एका दिवसाची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. मुलाला एकदाच तयार करायचं, एकदाच समजवायचं. रात्रीची झोप, सकाळची धावपळ, शाळेत कळवणं, सगळं एकदाच. काही मुलांना नवीन माणसाशी मोकळं व्हायला वेळ लागतो, पण एकदा रुळली की छान चालतात. आमची थोरली तशीच. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ती मान हलवून उत्तरं देत होती म्हणे, आणि मग लाल-पांढरे ठोकळे जुळवायला दिल्यावर खुलली. अशा मुलाला अर्ध्यावर घरी पाठवून दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं तर ती सुरुवातीची मिनिटं पुन्हा खर्च होण्याची शक्यता असते. शिवाय मध्ये सर्दी-ताप आला आणि दुसरी तारीख लांबली, हा प्रकार एका दिवसात संभवतच नाही.

थोरलीच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आणखी एक मुद्दा मांडला होता आणि तो मला पटलाही होता. मूल शाळेतही पाच-सहा तास बसतंच. ते कधी थकतं, थकल्यावर काय करतं, हीसुद्धा माहितीच आहे. लक्ष टिकण्याबद्दल शंका असेल तर ही माहिती मोलाची ठरते.

तरीही पुढच्या वेळी आम्ही दोन सकाळी मागून घेतल्या. त्याचं कारण रिपोर्टमधलं एक वाक्य.

थोरलीला आम्ही मुख्यतः लेखनासाठी नेलं होतं. तोंडी विचारलं तर ती धडाधडा सांगायची, कागदावर आणायची वेळ आली की अडायची. क्रम असा पडला की आधी बुद्धिमत्ता चाचणी, मग गणित, मग वाचन, आणि लेखन सर्वांत शेवटी. रिपोर्ट समजावून सांगताना मॅडमनी तिचं लेखनाचं पान समोर ठेवलं. वरच्या ओळी समासाला धरून, अक्षर बरं. मधे कुठेतरी अक्षरं मोठी व्हायला लागली, ओळ उजवीकडे खाली घसरली, आणि शेवटच्या वाक्याला क्रियापदच नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की शेवटच्या टप्प्यात मूल थकलेलं दिसत होतं, तरी लेखनाचे गुण सावधपणे वाचावेत.

नोंद प्रामाणिक होती, आणि तसं दिसल्यावर लिहायलाच हवं होतं. पण ज्या एका प्रश्नासाठी आम्ही एवढं सगळं केलं, नेमकं त्याचं उत्तर 'सावधपणे वाचावं' असं हातात आलं. घरी आम्ही रोज बघत होतो की सकाळी ताजीतवानी असतानाही लिहिताना तिचं हेच होतं. आम्हाला शंका नव्हती. पण रिपोर्ट आमच्यासाठी नसतोच. तो शाळेसाठी असतो, पुढच्या शिक्षकांसाठी असतो, विशेष शिक्षकांसाठी असतो. त्यांच्यातल्या प्रत्येकाने त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, 'मग हे थकव्यामुळे असेल का?' प्रत्येक वेळी आम्ही घरच्या वह्या दाखवत बसलो.

हे लहानसं वाटेल, पण आकडे बघा. या चाचण्यांमध्ये सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५. म्हणजे ९० गुण मिळाले तर मूल साधारण २५ व्या पर्सेंटाइलवर (त्याच्या वयाच्या शंभरातल्या पंचवीसेक मुलांच्या पुढे) येतं आणि ८५ मिळाले तर १६ व्या. पाच गुणांत एवढा फरक. मदत द्यायची की 'अजून थोडं थांबून बघू' म्हणायचं, हे अनेकदा याच पट्ट्यात ठरतं. दमलेलं मूल पाच गुण कुठेही सांडू शकतं. वेळ लावून घ्यायच्या उपचाचण्यांत तर जास्तच. आकड्यांखाली खुणा भरायच्या असतात त्या उपचाचणीला १२० सेकंद मिळतात; त्यात मूल दोनदा खिडकीबाहेर बघत राहिलं तरी गुणांत दिसतं.

आणि 'मग तेवढं पुन्हा करून घ्या' हेही सोपं नाही. तीच चाचणी थोड्याच दिवसांत पुन्हा दिली तर सरावाने गुण फुगतात, म्हणून निदान वर्षभर तरी ती सहसा पुन्हा घेत नाहीत. तेच तपासणारी दुसरी समांतर चाचणी घेता येते, पण म्हणजे पुन्हा वेळ घ्या, पुन्हा मुलाला तयार करा. एका दिवसात उरकून वाचवलेली दगदग तिथे दामदुपटीने परत येते.

थकव्याचं आणखी एक कारण बाहेर बसलेल्या आई-बाबांना सहसा दिसत नाही. बहुतेक उपचाचण्या सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि ओळीने काही उत्तरं चुकली की थांबतात. म्हणजे हुशारातलं हुशार मूलसुद्धा जवळपास प्रत्येक उपचाचणीच्या शेवटी 'मला हे येत नाही' या जागी पोचतं. असं एकदा-दोनदा झालं तर काही वाटत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ते पुन्हा पुन्हा होत राहिलं, आणि शेवटी मुलाला जे खरंच जड जातं तेच पुढ्यात आलं, तर त्याचा हात आखडणारच.

धाकट्याच्या वेळी पहिल्या सकाळी फक्त बुद्धिमत्ता चाचणी झाली. दुसऱ्या सकाळी गेल्या गेल्या वाचन आणि लेखन, नंतर गणित. दुसऱ्या दिवशी तो आमच्या पुढे चालत खोलीत गेला, खुर्ची ओढून बसला आणि त्याच्या मॅडमना म्हणाला, 'आज ठोकळे नाहीत ना?' मॅडमनी त्याला दोन वेगवेगळ्या दिवशी पाहिलं, याचाही उपयोग झाला असावा. रिपोर्टमध्ये दोन्ही दिवसांचं वागणं वेगवेगळं लिहिलं होतं, आणि वाचनाच्या गुणांपुढे 'सावधपणे' हा शब्द नव्हता. थकण्याची माहितीही निसटली नाही. पहिल्या दिवशी शेवटी शेवटी तो खुर्चीत सरकायला लागला, तेही त्यांनी टिपलं होतं. फक्त त्या थकव्याचा भार वाचनावर पडला नाही.

त्रास या पद्धतीतही आहे, तो लपवत नाही. मधल्या दिवसांत मूल विचारत राहतं की आता काय असेल, मी पास झालो का. आजी-आजोबा प्रेमाने चौकशी करतात आणि त्यातून मुलाला वाटतं की काहीतरी मोठं घडतंय. आपल्यालाही मोह होतो, 'आज काय काय विचारलं रे?' हे विचारू नये. मूल आपणहून सांगेल तेवढं ऐकावं आणि विषय सोडून द्यावा. धाकटा पहिल्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाला, 'तू आकडे सांग, मी उलटे म्हणतो.' आईने दोन-तीनदा सांगितले आणि मग दोघं दुसऱ्या खेळाला लागले. तो भाग होऊन गेला होता म्हणून चाललं. पण जो व्हायचा आहे त्याची घरी तालीम घेऊ नका, इंटरनेटवरून नमुना चाचण्या तर मुळीच आणू नका. त्याने गुण वाढतात, अडचण झाकली जाते, आणि ज्याला मदत हवी तेच मूल मदतीवाचून राहतं.

दोन बैठकांमधलं अंतरही बघावं लागतं. ते शक्यतो आठवड्याच्या आत असावं, म्हणून दोन्ही तारखा पहिल्याच फोनवर पक्क्या करून घ्या. बुद्धिमत्ता चाचणी मधेच तोडण्यापेक्षा ती एका दिवशी पुरी आणि अभ्यासाचा भाग दुसऱ्या दिवशी, ही विभागणी मला सर्वांत नीट वाटली.

मुलाला काय सांगायचं, हे दोन्हींत जवळपास सारखंच. लहान मुलाला एक-दोन दिवस आधी, मोठ्याला आठवडाभर आधी. 'खेळायला जायचंय' असं सांगू नये; आत गेल्यावर दहाव्या मिनिटाला त्याला कळतं की हा खेळ नव्हे, आणि मग पुढच्या माणसावरचा विश्वास जातो. आम्ही सांगितलं ते साधारण असं: 'तुला काय सोपं जातं आणि काय अवघड जातं ते बघणार आहेत, म्हणजे शाळेत तुला कशी मदत करायची ते आम्हाला कळेल. काही प्रश्न सोपे असतील, काही इतके अवघड की मोठ्या मुलांनाही येणार नाहीत. नाही आलं तर नाही येत म्हणायचं. इथे पास-नापास नसतं, आणि इंजेक्शन नसतं.' शेवटचं वाक्य लहानांसाठी फार महत्त्वाचं आहे. दोन सकाळी असतील तर हेही आधीच सांगा की दोनदा जायचंय, नाहीतर दुसरी फेरी म्हणजे पहिल्या दिवशी काहीतरी चुकल्याची शिक्षा, असा अर्थ मूल काढतं.

बाकी तयारी थोडक्यात. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते विसरलं की दिवस वाया. लक्ष टिकण्यासाठी औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे मनाने न ठरवता आधी विचारा. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल तर तसं पहिल्याच फोनवर सांगा. जुने रिपोर्ट आणि प्रगतिपुस्तकं न्या, आणि वह्या नेताना नीटनेटक्या नको, कच्च्या न्या. मुलाचं खरं लिखाण कच्च्या वहीतच दिसतं. सुट्टीसाठी ओळखीचा खाऊ आणि पाणी. वेळ सकाळची मागा, आणि मूल आजारी असेल तर बिनदिक्कत तारीख बदला.

आता कोणी काय निवडावं. मूल दहावी-बारावीच्या वयाचं असेल, बराच वेळ बसायची सवय असेल, तर एक दिवस पुरतो. फार लांबून यायचं असेल तर प्रवासाचा शीणच दुसऱ्या बैठकीचा फायदा खाऊन टाकेल. आणि काही मुलांना अनोळखी जागी पुन्हा जाणंच इतकं जड जातं की आदल्या रात्रीपासून पोटात दुखायला लागतं. त्यांच्याबाबतीत एकदाच जाऊन मोकळं झालेलं बरं. हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. पण मूल लहान असेल, चंचल असेल, किंवा आमच्यासारखी एकच नेमकी शंका घेऊन जात असाल, तर मी दोन सकाळींच्या बाजूने आहे. रजेचा एक दिवस जास्त जातो, त्याच्या बदल्यात रिपोर्टमध्ये पळवाट राहत नाही.

एकच दिवस शक्य असेल, किंवा तिथली पद्धतच तशी असेल, तरी फोनवर एक प्रश्न जरूर विचारा: आम्ही ज्या अडचणीसाठी येतोय, तो भाग कितव्या क्रमांकावर येईल? क्रम ठरवणं हा त्यांचा अधिकार आहे आणि त्याला कारणंही असतात, पण लेखन किंवा वाचन मोठ्या सुट्टीनंतर लगेच घ्याल का, असं विचारायला हरकत नाही. आमचा अनुभव असा की कारण सांगून विचारलं की मनापासून ऐकून घेतात. आणि त्या मोठ्या सुट्टीत मुलाला मोबाइल देऊ नका. बाहेर नेऊन जरा चालवून आणा.