उशाशी ठेवायचं आवाजाचं यंत्र: कर्णनादासाठी किती उपयोगी?

माझ्या दोन्ही कानांत सतत रातकिड्यासारखा बारीक, उंच पट्टीतला आवाज येतो. उजव्या कानात जरा जास्त. दिवसा बोलण्याचालण्यात तो बुडून जातो. पण मी मुद्रितशोधन करते आणि प्रुफं तपासायला मला रात्रच बरी पडते. घर शांत झालं की हा आवाज वर येतो. एकच ओळ तीनदा वाचावी लागते आणि नंतर अंथरुणावर पडलं की डोळा लागत नाही. त्यासाठी हे यंत्र घेतलं. गेले काही महिने ते रोज रात्री चालू असतं.

आधी एक गोष्ट, कारण ती यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. कानात आवाज येतोय म्हणून थेट यंत्र विकत घेऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तपासणी टाळूच नका. आणि ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे उशीर परवडत नाही. माझ्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, 6000 हर्ट्झच्या आसपास रेघ खाली घसरली होती, म्हणजे त्या पट्टीत मला कमी ऐकू येत होतं, आणि माझ्या कानातला नादही साधारण त्याच पट्टीतला निघाला. आतल्या कानातल्या केसपेशी दुखावल्या की त्या पट्टीतली माहिती मेंदूकडे कमी पोहोचते. ती उणीव भरून काढायला मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा नाद ऐकू येतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे तो बाहेरून बंद करायचं बटण नसतं. यंत्राकडून काय मागायचं हे त्यावरून ठरतं.

यंत्र तळहातावर मावेल एवढं, गोल. त्यात पाऊस, लाटा, पाखरं, पंखा आणि व्हाइट, पिंक, ब्राउन नॉइज, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांवर जोर असलेले एकसुरी सळसळते आवाज, आहेत. यातली पाखरं पहिल्या रात्रीच बाद. लाटा ऐकायला छान वाटतात, पण लाट ओसरली की मधल्या शांततेत कानातला नाद पुन्हा वर येतो, आणि लक्ष त्या चढ-उतारामागे धावतं. पावसाची गत आणखी वाईट. रेकॉर्डिंग छोटं आहे, तेच पुन्हा पुन्हा फिरतं. त्यात एक थेंब पत्र्यावर पडल्यासारखा टण् वाजतो. तो एकदा ओळखला की पुढच्या वेळी कधी येतोय याची वाटच बघत बसतो आपण. झोपेसाठी घेतलेल्या वस्तूत असा जोड ऐकू येणं मला अक्षम्य वाटतं. ब्राउन नॉइज कानाला गोड, पण त्याचा सगळा जोर खर्जात, माझ्या उंच पट्टीपर्यंत तो पुरेसा पोहोचतच नाही. व्हाइट नॉइज पोहोचतो, पण फार फिसफिसतो. मला पिंक नॉइज मानवला. कुठेही न बदलणारा, थोडा मऊ, आणि वरच्या पट्टीतही पुरेसा.

आता आवाज किती ठेवायचा ते. माझ्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की नाद पूर्ण झाकून टाकायचा नाही. बाहेरचा आवाज त्यात मिसळू लागेल इतकाच ठेवायचा, आतला नादही ऐकू येत राहिला पाहिजे. हा विचार कर्णनादावर संशोधन करणारे पावेल यास्ट्रेबॉफ यांच्या उपचारपद्धतीतला. जो आवाज ऐकूच येत नाही, त्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकणार कसा? मला हे मनापासून पटलं. यंत्राची सगळ्यात मोठी उणीव नेमकी इथे आहे. तिसऱ्या पायरीवर आवाज अपुरा आणि चौथ्या पायरीवर सगळं झाकून टाकणारा. मधलं काही नाही. मी यंत्र चौथ्यावर ठेवून, तोंड भिंतीकडे करून, टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवते. तेव्हा कुठे जमतं.

टायमर वापरू नका. तासाभराने यंत्र खटकन् बंद होतं आणि त्या शांततेनेच जाग येते. आवाज हळूहळू विरत गेला असता तर गोष्ट वेगळी. रात्रभर चालू ठेवायची सोय आहे, तीच बरी. वरचा निळा दिवा अंधारात डोळ्यांवर येतो, त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली. शेजारी झोपणाऱ्याला आवाज नको असेल तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर जोडता येतो. यजमान नाराज होते, त्यांच्यासाठी तो घेतला. टोचत नाही, वायर मात्र कूस बदलताना मध्ये येते.

खोक्यातल्या पत्रकाचा मला खरोखर राग आला. ‘कर्णनादापासून कायमची सुटका’ असं ठळक अक्षरांत, आणि खाली गिंको बिलोबा या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांची जाहिरात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 च्या मार्गदर्शिकेत गिंको, जस्त, मेलाटोनिन कर्णनादासाठी सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत ऐकू कमी येणाऱ्यांना श्रवणयंत्र आणि त्रास होणाऱ्यांना सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन, याची शिफारस आहे. आवाजाचं यंत्र तिथे ऐच्छिक पर्याय म्हणून येतं. झोप उडालेल्या, घाबरलेल्या माणसाला असली खोटी आशा विकणं वाईट आहे.

मला फरक पडला का? पडला. नाद तेवढाच आहे, पण झोप लवकर लागते आणि प्रुफं एका बैठकीत संपतात. कर्णनादाचा त्रास मोजायची 25 प्रश्नांची, 0 ते 100 गुणांची एक प्रश्नावली असते. त्यात मी ‘मध्यम’वरून ‘सौम्य’वर आले. सोबत समुपदेशनही चालू होतं, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. पाचपैकी तीन तारे. आवाजाच्या पायऱ्या बारीक केल्या आणि पावसाचं रेकॉर्डिंग बदललं तर चौथा आनंदाने देईन. तुम्ही घेणार असाल तर आधी शांत खोलीत, सगळ्यात कमी आवाजावर, जरा वेळ काढून ऐका, आणि परत करायची मुभा आहे का ते विचारून घ्या.