क्रॉस स्टिचच्या गमतीदार पॅटर्नपायी माझे ५,४५८ रुपये गेले, घेण्याआधी हे वाचा

क्रॉस स्टिच, म्हणजे जाळीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी चित्र भरायचं काम, ते करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांच्या फोनवर सध्या "१५० फनी आणि हटके पॅटर्न फक्त ७९९ मध्ये" अशी रील येतेय त्यांच्यासाठी. मी ते घेतलं. पॅकचे ७९९, मराठी अक्षरं टाकून खास पॅटर्न करून देतो म्हणून १,२००, कापड आणि दोऱ्यांचे १,४६०, आणि वरून रिफंड देतो सांगून काढून घेतले १,९९९. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त जीव तुटतो तो २६ रात्रींसाठी, रोज जेवणं आवरली की दहा ते साडेअकरा मी दिव्याखाली ते भरत बसायचे.

मी नाशिकला इंदिरानगरला राहते, सात वर्षं झाली हे करतेय, थोड्याफार ऑर्डरी पण घेते. राधाकृष्ण, मोर, गणपती बरेच जण करतात, मला वेगळं आवडतं. म्हणजे चारी बाजूंनी आपल्या आजीच्या वेळची असते तशी सोज्वळ फुलांची वेल आणि मध्ये "चहा झाल्याशिवाय बोलायचं नाही". मागच्या पावसाळ्यात एक केलं होतं, दुतोंड्या मारुती आणि खाली "कमरेपर्यंत पाणी, आज ऑफिस नाही". बाहेरगावच्यांना सांगते, गोदेला पूर किती आलाय ते आम्ही गंगेवरच्या (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) त्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून सांगतो. अशी फ्रेम भिंतीवर असली की माणूस आधी फुलं बघतो, मग वाचतो, मग परत वाचतो आणि हसतो, आणि तेवढ्यासाठी महिनाभर मान मोडून बसायला मला काही वाटत नाही.

आणि हा नुसता टाइमपास नाही हो. दुसऱ्या महायुद्धात ॲलेक्सिस कॅसडॅग्ली नावाचा ब्रिटिश मेजर जर्मनांच्या कैदेत होता, त्याने डिसेंबर १९४१ मध्ये असाच एक नमुना भरला आणि कडेच्या नक्षीत मोर्स कोडमध्ये, म्हणजे टिंब आणि रेघांमध्ये, एका ओळीत "देव राजाचं रक्षण करो" आणि दुसऱ्या ओळीत हिटलरला सणसणीत शिवी भरून ठेवली. जर्मनांना पत्ताच नाही, त्यांनी ते काम कौतुकाने कॅम्पमध्ये लोकांना बघायला लावलं. हे वाचल्यापासून मी असे काहीतरी पोटात ठेवणारे पॅटर्न शोधतच असते, त्यामुळे ती रील माझ्यासमोर आली यात नवल नाही.

रीलमध्ये काय काय होतं, चष्मा लावून पेपर वाचणारी म्हैस, नऊवारीतला डायनासोर, पाळण्यात झोपलेला हाडांचा सांगाडा, कुकरमधून डोकं बाहेर काढणारं मांजर. मी मेसेज केला तर लगेच उत्तर आलं, मराठीतच, "ताई, आधी एक फ्री घ्या, करून बघा, आवडलं तरच पैसे द्या." फ्री म्हणून दिलेला चार्ट, म्हणजे कुठल्या चौकोनात कुठल्या रंगाचा टाका ते दाखवणारा नकाशा, होता किटलीवर अंडी उबवत बसलेल्या कोंबडीचा. ११ रंग, प्रत्येक चौकोनात वेगळी खूण, कुठे बॅकस्टिच (कडेने सलग रेघेसारखी शिवण) घ्यायची त्याची वेगळी रेघ, इतका सुंदर काढलेला की चार दिवसांत झाला आणि एकही टाका उसवावा लागला नाही. माझा विश्वास तिथे बसला. ही कोंबडी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येते.

पॅक घेतलं. त्याच सुमारास आमच्या सोसायटीतल्या एका मावशींचा मुलगा नोकरीला पुण्याला निघाला होता, त्याच्या नव्या किचनसाठी त्यांना काहीतरी अस्सल नाशिकचं हवं होतं. मी पेजवाल्याला विचारलं की त्या म्हशीच्या समोर पेपरऐवजी मिसळीची ताटली आणि खाली "मिसळीशिवाय रविवार नाही" असं करून मिळेल का. म्हणाला १,२०० लागतील, दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, रिंगमध्ये (कापड ताणून धरायची गोल चौकट) भरून तयार झालेल्या कामाचा. एका दिवसात भरून तयार! हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, मला वाटलं यांच्याकडे बायका असतील भरणाऱ्या. फोटोत "मिसळीशिवाय" मधला ळ विचित्र होता, त्याला एक जास्तीची गाठ होती, आणि "रविवार" वरची रेघ मध्येच तुटून खाली वळलेली. मी तेही विचारलं. "चार्टमध्ये बरोबर असेल ताई." असेल म्हणे.

चार्टचं पीडीएफ आलं, ८४ रंग. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या लक्षात आलं असेल, पण ज्यांनी नाही केलं त्यांना सांगते, हाताने नीट बसवलेल्या एवढ्याशा चित्राला १०-१५, फार तर २५-३० रंग पुरतात. रंगांचे नंबर डीएमसीचे म्हणून दिलेले. डीएमसी ही १७४६ पासूनची फ्रेंच कंपनी, त्यांच्या सहा पदरी दोऱ्यात ५०० च्या आसपास रंग आहेत आणि जगभरचे चार्टवाले बहुतेक तेच नंबर लिहितात, आपल्याकडे अँकर या दुसऱ्या कंपनीच्या दोऱ्याच्या लड्या सहज मिळतात म्हणून आपण त्याच्या जवळचा अँकरचा नंबर लावून घेतो. मी यादी घेऊन मेन रोडला नेहमीच्या दुकानात गेले. काकांनी शेडकार्ड काढलं, चष्मा पुसला, यादीवरून बोट फिरवत आले आणि थांबले. "ताई, हा ६४१२ कुठून आणला? असा नंबरच नाही." असे सात-आठ निघाले. मी म्हटलं छपाईत चुकलं असेल, त्यातल्या त्यात जवळचे तपकिरी द्या. काकांनी एकदा विचारलं पण, नक्की हेच करायचंय ना. मी हो म्हणाले.

घरी येऊन सुरू केलं तर काम पुढेच सरकेना. एका १० बाय १० च्या चौकटीत १०० टाके येतात, त्या शंभरात मला २३ रंग लावावे लागले. एक टाका या तपकिरीचा, बाजूचा त्या तपकिरीचा, त्याच्या खाली राखाडी, परत पहिला तपकिरी, दर टाक्याला सुईत नवा दोरा नाहीतर मागून लांब ओढून न्यायचा. आणि दोन वेगळ्या रंगांना एकच त्रिकोणाची खूण! मी बाजूला १४ सुया ओवून ठेवायचे. अशी एकेक चौकट दोन-दोन रात्री खायची. मला वाटत होतं काम अवघड आहे म्हणून असं होतंय, जरा लांबून बघितलं की चित्र उठून दिसेल. म्हशीचा डोळा पूर्ण झाला त्या रात्री मी रिंग टीव्हीशेजारी टेकवून ठेवली आणि मागे जाऊन बघितलं. डोळा नव्हताच तिथे. पावसाळ्यात गोदेचं पाणी होतं ना गढूळ, तसा एक डाग.

सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी तरुणपणी मॅटीच्या जाळीदार कापडावर खूप भरतकाम केलंय, उशांचे अभ्रे, रेडिओवरचं कव्हर, सगळं. त्यांनी रिंग हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. माझी मागची बाजू बघून म्हणाल्या, "अगं, हे तू असं कधी करत नाहीस." मग म्हणाल्या, "त्या माणसाने भरलंय ना, त्याचा मागचा फोटो मागव." मी म्हटलं आई, तो मागितला होता, त्याने फक्त समोरचाच दिलाय. "मग मोठा करून दाखव तोच."

फोनवर तो फोटो मोठा केला आणि मला घाम फुटला. दिसायला टाके, पण एकाची वरची तंगडी डावीकडे, शेजारच्याची उजवीकडे, काही तर फुली नाहीच, नुसते तांदळाचे दाणे. कापडाची भोकं ओळीत असायला पाहिजेत, ती म्हशीच्या कानाजवळ तिरकी होऊन गायब. मिशा एका टाक्यापेक्षा बारीक आणि गोलाकार, क्रॉस स्टिचमध्ये वळण म्हणजे पायऱ्या येणार, इतकी गुळगुळीत कमान येतेच कशी? ते काम कोणी भरलेलंच नव्हतं, एआयने काढलेलं चित्र होतं. आणि तेच चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकून आपोआप चौकोन पाडलेले, म्हणून ते ८४ रंग. साइझचंही तेच. चार्ट १८० बाय २२० टाक्यांचा, १४ काउंटच्या कापडावर इंचाला १४ टाके, म्हणजे जवळजवळ १३ बाय १६ इंच होतात, आणि तो सांगत होता आठ इंची रिंगमध्ये बसेल. साधा १४ ने भाग द्यायचा होता, सुरुवातीलाच. पॅकमधले उरलेले चार्ट उघडले तर बहुतेक सगळे असेच.

मी त्याला सगळं स्पष्ट लिहून पाठवलं. भांडला नाही, उलट माफी मागितली. अर्ध्या तासात दुसऱ्या नंबरवरून "रिफंड विभाग" म्हणून मेसेज, तुमचे १,९९९ मंजूर झालेत, क्यूआर पाठवतोय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे खातं व्हेरिफाय होईल. आकडा अगदी बरोबर माझ्याच पैशांचा, ७९९ आणि १,२००, त्यामुळे मला शंकाच आली नाही. पिन टाकला आणि १,९९९ कट झाल्याचा मेसेज. लगेच त्याचा फोन, "सर्व्हर एरर आहे ताई, परत एकदा स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील." तेवढ्यात नवऱ्याने फोन हातातून घेतला. पैसे यायचे असतील तर पिन लागतच नाही, पिन फक्त जायला लागतो, हे मला माहिती होतं, खरंच माहिती होतं, पण त्या क्षणी मी इतकी चिडलेली आणि दमलेली होते की डोकं चाललं नाही, आणि त्यांनी नेमकी तीच वेळ धरलेली असते.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, चाळीस मिनिटांच्या आत. लवकर लावला तर पैसे पुढे सरकायच्या आधी त्या खात्यात अडवता येतात म्हणून हे पहिलं करायचं, बाकी सगळं नंतर. तिकडून १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, विचारतात, तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी हे पण तयार ठेवा. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर चॅटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण केली. इथे माझं एक चुकता चुकता वाचलं, रागाच्या भरात मी चॅट डिलीट करणार होते, करू नका. ब्लॉकसुद्धा सगळे स्क्रीनशॉट काढून झाल्यावरच करा. त्या खात्यात काही रक्कम होल्ड झाली असं कळलंय, हातात अजून काही आलेलं नाही.

आता ती कोंबडी. आमच्या ग्रुपमधल्या एकीने तो फोटो टाकून तो मुळात नेटवर कुठे आहे ते शोधलं (रिव्हर्स इमेज सर्च) तर तो चार्ट परदेशातल्या एका बाईचा निघाला, ती स्वतः काढून थोड्या पैशात विकते, खालची तिच्या नावाची पट्टी कापून याने मला फ्री म्हणून दिला होता. म्हणून तो इतका छान होता. मी ती कोंबडी तोपर्यंत फ्रेम करून एका वाढदिवसाला विकली होती. मला फार वाईट वाटलं, मी त्या बाईंना लिहिलं, चार्टचे पैसे भरून तिच्याकडून रीतसर घेतला. तिने उत्तरात तिच्या मूळ कामाचा फोटो पाठवला, समोरचा आणि मागचा, न मागता.

आता मी कोणालाही पैसे द्यायच्या आधी तो मागचाच फोटो मागते. गाठी, दोऱ्याची शेपटं, इकडून तिकडे नेलेले धागे दिसले की माणसाने भरलेलं असण्याची शक्यता जास्त. सोबत चार्टचं एक पान, रंगांची यादी आणि टाक्यांची संख्या. खरा चार्ट काढणारा हे दोन मिनिटांत देतो, आणि याने मागचा फोटो मागितल्यावर मला दोन दिवस "पाठवतो ताई" केलं होतं.

मावशींना मी सगळं सांगितलं, त्या थांबायला तयार झाल्या. आलेख वही आणली आणि म्हैस स्वतः काढली, पेन्सिलीने चौकोन भरत, १४ रंगांत. देवनागरी अक्षरांना मात्र वेळ लागला, ळ चे दोन्ही गोल सुटे दिसायला मला ११ चौकोन रुंदी द्यावी लागली, त्याहून कमी केली की तो ठ सारखा वाटायचा. डोळ्याला फक्त तीन रंग, काळा, गडद तपकिरी आणि एक पांढरा टाका वर उजवीकडे. मागच्या आठवड्यात फ्रेम पुण्याला गेली.

ते पेज आता बंद आहे, पण परवा आमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी दुसऱ्याच नावाच्या पेजची रील टाकली, किंमत ५९९, आणि त्यात तीच म्हैस. चष्म्याची डावी काडी कानापर्यंत पोचायच्या आधीच संपते आणि खालच्या ओळीतल्या ळ ला जास्तीची गाठ आहे, त्यावरून ओळखा.